जुने लाकूड आणि दहावा अध्याय

मराठीत गेल्या काही वर्षांत एक नवा ललित प्रकार रूढ झाला आहे. समीक्षेने त्याला अद्याप नाव दिलेले नाही. तूर्त आपण त्याला 'जीर्णानंद' म्हणू. या प्रकारातील लेखक बहुधा मोठ्या शहरात राहणारा, सुस्थित आणि वाचलेला असतो. एखाद्या रविवारी तो जुन्या बाजारात जातो, पितळी कड्यांची पेटी किंवा पाय डगमगणारी आरामखुर्ची घेऊन येतो, दिवाणखान्यात पिवळ्या दिव्याखाली ती मांडतो आणि तिच्यावर हजारभर शब्द लिहितो. त्या शब्दांत काळाचा स्पर्श असतो, कोणा अज्ञात आजोबांचे हात असतात, वस्तूंनाही स्मृती असते हा सिद्धांत असतो आणि शेवटी उपभोगवादाविरुद्ध एक सौम्य तक्रार असते. खुर्ची कोणी दुरुस्त केली आणि त्याला किती मजुरी दिली, हे मात्र कधीही नसते. ती पेटी कोणत्या घरातून, कोणत्या अडचणीपायी बाजारात आली, हेही नसते.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो की आम्ही जुन्या सामानाचे विरोधक नाही. आमचे भाड्याचे दोन खोल्यांचे घर जवळजवळ सर्वस्वी जुन्या सामानावर उभे आहे आणि ते तसे का असावे याची कारणे आम्ही पुढे देणार आहोत. आमचा आक्षेप वेगळा आहे. जीर्णानंदी लेखक जुन्या वस्तूला जे निरागसत्व बहाल करतात ते आमच्या प्रदेशात तिला कधीच नव्हते. आणि ज्यांनी साहित्य शिकवण्याचे वेतन घेतले आहे त्यांना तरी हे ठाऊक असायला हवे.

आमचा प्रदेश म्हणजे उमरी. नांदेड जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. निजामी अमलात कापसाच्या व्यापाराने पुढे आलेल्या या पेठेत हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी तिच्यावर छापा घालून तेथील रक्कम लढ्यासाठी नेली, हे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात सर्वज्ञात आहे. आम्हांला या घटनेचा संबंध फर्निचरसंदर्भात येईल असे कधी वाटले नव्हते. पण जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडे आम्ही एका टेबलाचा भाव विचारला तेव्हा त्याने आवाज खाली आणून सांगितले, "सर, हे त्या बँकेतलं आहे." पुढे आमच्या लक्षात आले की या भागात विक्रीला आलेले प्रत्येक जुने टेबल त्या बँकेतलेच असते. इतकी टेबले तेथे असती तर लुटायला रक्कम ठेवण्यास जागाच उरली नसती. असो. इतिहासाचे दोनशे रुपये वजा करून आम्ही ते टेबल चौदाशे रुपयांना घेतले.

टेबलावर तेलरंगाचे तीन थर होते; हिरवा, त्यावर करडा, त्यावर साय रंगाचा. खणाच्या खालच्या बाजूस उर्दू आकड्यांत सतरा लिहिलेले होते. हैदराबाद संस्थानातील कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले, तेव्हा ते कोणत्या तरी कचेरीच्या सामानाच्या यादीतले असावे एवढे मानायला हरकत नाही. सुतारमामांनी खणाच्या मागच्या, रंग न लागलेल्या बाजूवर नख फिरवले, एक चिपळी काढून वास घेतला आणि म्हणाले, "सर, वरचा रंग काढल्याबिगर काही सांगता येत न्हाई. आतून सागवान निघालं तर मजुरी घालावा, न्हाई तर सरपण." आम्हांला साहित्यसमीक्षेची याहून नेमकी भूमिका क्वचितच वाचायला मिळाली आहे.

सागवान निघाले. ते निघणे स्वाभाविकही होते, कारण किनवट-माहूरची सागाची जंगले याच जिल्ह्यात आहेत. दोन दिवस काम चालले. मामांची दिवसाची मजुरी नऊशे रुपये, म्हणजे अठराशे. पॉलिशपेपर, स्पिरिट, लाख, सरस आणि एक नवे कुलूप मिळून साडेसहाशे. टेबलाची किंमत धरून एकूण तीन हजार आठशे पन्नास. तेवढ्याच आकाराचे, भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे नवे टेबल दुकानात याच्या दुपटीस होते. आम्ही समाधानाने टेबलावर पुस्तके मांडली आणि आमच्याही मनात हजार शब्द जुळू लागले. थोडक्यात, आम्हीही जीर्णानंदी होण्याच्या बेतात होतो.

त्याच आठवड्यात आमचा एक विद्यार्थी वडिलांसह घरी आला. वडील शेतमजुरी करून आता गावात छोटे दुकान चालवतात. त्यांनी टेबलाकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले, आणि पुढ्यात ठेवलेल्या जुन्या खुर्चीवर न बसता ते उभेच राहिले. मग अत्यंत अदबीने त्यांनी विचारले, "सर, पगार वेळेवर होत न्हाई का?" आम्ही हसून टेबलाची कथा सांगितली. बँकेचा भागही सांगितला. ते हसले नाहीत. पुढे विद्यार्थ्याने एकट्यात खुलासा केला, "सर, आमच्या घरात जुनं येत न्हाई. आज्यानं वडलांना सांगून ठेवलंय."

या एका वाक्याने आमचे हजार शब्द विझले. कारण त्या आजोबांनी जे सांगून ठेवले ते त्यांच्या मनाचा लहरी नियम नव्हता. ते एका ग्रंथाला दिलेले उत्तर होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील १२५ वा श्लोक पाहावा. सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे याची त्यात यादी आहे: उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, धान्यातील पोचट दाणे आणि जीर्ण झालेले घरसामान. शेवटच्या बाबीसाठी मूळ शब्द 'परिच्छद' असा आहे. इंग्रजी भाषांतरकार ब्यूलर यांनी त्याचा अर्थ घरातील फर्निचर असाच केला आहे. त्याच अध्यायात ५२ व्या श्लोकात गावाबाहेर ठेवलेल्यांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे असे सांगितले आहे. म्हणजे कोणी कशावर बसावे, कशावर निजावे, त्या वस्तू कितव्या हाताच्या असाव्यात, हे आपल्याकडे आवडीनिवडीचे प्रश्न नव्हते. ते शास्त्रात नमूद होते.

आपण हे शिकवत नाही असे नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ही तारीख प्रत्येक वर्गात लिहवून घेतली जाते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (१९१५) संदर्भग्रंथांच्या यादीत असते. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) अभ्यासक्रमांत आलेले आहे. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' (१९९७) या आत्मकथनाच्या शीर्षकाचा अर्थच उष्टे अन्न असा होतो, हेही तुलनात्मक साहित्याच्या तासाला सांगितले जाते. पण उष्ट्या अन्नाबद्दल आणि उतरलेल्या वस्त्राबद्दल जी जाणीव आपण वर्गात बाळगतो ती लाकडी सामानापाशी आली की विरघळते. तेथे आपल्याला फक्त सौंदर्य दिसते. दिवाणखान्यातील पेटीवर लिहिताना 'वस्तू पिढ्यानपिढ्या हस्तांतरित होत जाते' असे वाक्य आपण सहज लिहितो. ती आपल्या घरात वारशाने येते की दुसऱ्याच्या घरात दयेने टाकली जाते, हा भेद त्या वाक्यात कुठेच नसतो. ज्याच्या घरात आजोबांची आरामखुर्ची आहे त्याला जुने हे नाते वाटते. ज्याच्या आजोबांना त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसावे लागले त्याला ते नाते कसे वाटावे? त्या नातवाने जर कोरी, चकचकीत, पाण्याने फुगणारी का होईना पण पहिल्यांदा आपणच उघडलेली वस्तू घेतली, तर त्याला उपभोगवादी म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. जीर्णानंदी लेखकालाही नाही.

येथे थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण त्याच विद्यार्थ्याच्या घरची दुसरी हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. बहिणीच्या लग्नात वडिलांनी आंदण म्हणून नवा संच दिला: पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, टीपॉय. सारे एकाच रंगाचे, सारे हप्त्यांवर. दुसऱ्या पावसाळ्यात ड्रेसिंग टेबलाचे पाय फुगले. पलंगाच्या कडेचा स्क्रू निघाला तो पुन्हा बसेना, कारण भुशाच्या बोर्डात एकदा भोक सैल झाले की त्याला धरायला तंतूच नसतात. दुरुस्तीला नेल्यावर सुताराने हात जोडले. संच संपला तेव्हा हप्ते संपलेले नव्हते.

हुंड्याला कायद्याने १९६१ पासून बंदी आहे. आंदणाच्या संचाला कोणी हुंडा म्हणत नाही, त्याला 'संसारोपयोगी साहित्य' म्हणतात. (साहित्य या शब्दाचे इतके वाईट दिवस आमच्या पेशातही पाहिलेले नाहीत.) मराठवाड्यात लग्नाचा खर्च म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने २०१७ साल आठवावे, लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने आपल्या लग्नाचा बोजा वडिलांवर पडू नये असे लिहून ठेवून जीव दिला होता. पलंग-कपाट हा त्या बोज्याचा एक भाग असतो, आणि तो गावभर ट्रॅक्टरवर मिरवला जात असल्याने सर्वांत दिसणारा भाग असतो.

म्हणून आम्हांला दोन आघाड्यांवर भांडणे भाग आहे. ग्रंथाने एकेकाळी सांगितले की तुला जुनेच मिळेल. बाजार आज त्याच माणसाला सांगतो की नवे घेतलेस तरच तू माणूस. नवे म्हणून त्याच्या हाती जे दिले जाते ते भुसा आणि सरस यांचे मिश्रण असते, ज्याला दुसरे आयुष्यच नाही. पोचट दाण्याचा हा नवा अवतार आहे, फरक एवढाच की आता त्यावर व्याजही द्यावे लागते. अपमानाची भरपाई हप्त्यांवर विकणाऱ्या या व्यवहाराविषयी जीर्णानंदी लेखक गप्प असतो, कारण त्याच्या लेखी तो केवळ अभिरुचीचा दोष असतो.

मग जुने घ्यावे की न घ्यावे? आमचे उत्तर महाडपाशीच आहे. दहनानंतर त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर जे भाषण केले त्यात वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असावे, अशा आशयाचा उपदेश आहे. हा उपदेश आम्हांला फार मोलाचा वाटतो. जुन्या वस्त्रांचा जीर्ण तुकडा फेकणारा ग्रंथ नाकारला जातो, आणि आपल्या हाताने लावलेले ठिगळ मात्र नाकारले जात नाही. वस्त्र दोन्हीकडे जुनेच आहे. एक वरून खाली आलेले आहे, दुसरे आपण राखलेले आहे. लाकडाचेही तसेच आहे. कोणी मालक 'घेऊन जा, नाहीतरी फेकणारच होतो' म्हणून देतो ते टेबल आणि भाव करून, पैसे मोजून, रंग खरवडून, आतले लाकूड तपासून घेतलेले टेबल, या दोन वस्तू एकाच झाडाच्या असल्या तरी एक नव्हेत.

आणि तपासून घेणे म्हणजे काय, हे जीर्णानंदात कधी येत नाही म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. टेबल उलटे करावे. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर किडा अजून आत आहे. सागाच्या आतल्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीलगतच्या पांढऱ्या भागाला लागते. जुन्या सामानात पायांना हा पांढरा भाग वापरलेला असू शकतो, तेव्हा पाय टोचून पाहावेत. पलंग असेल तर सांध्यांत ढेकूण असणार असे गृहीत धरावे, उकळते पाणी सांध्यांत ओतावे आणि पलंग चैत्र-वैशाखाच्या उन्हात टाकावा. नांदेडचे ऊन या एका कामासाठी तरी उपकारक आहे. जुना तेलरंग कोरड्या कागदाने घासू नये. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या, विशेषतः फार जुन्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना अपायकारक असते. आमच्या मामांनी पृष्ठभाग ओला करून, फुटक्या काचेच्या धारेने थर खरवडले आणि खरवड पोत्यात भरली. मग ८०, १२० आणि २२० नंबरचे कागद, तेही लाकडाच्या रेषेच्या दिशेने; आडवे घासले की लाखेखाली प्रत्येक ओरखडा दिसतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचे. आम्ही मोजले, सतरा झाले.

या लाखेचा एक दोष आहे आणि तोच तिचा गुण आहे. ओला पेला ठेवला तर पांढरे वर्तुळ उमटते. पण सुकलेली लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, त्यामुळे वर्तुळावर बोळा फिरवला की तोच थर पुन्हा जुळतो. सनमायकाचा पापुद्रा एकदा उचकटला की संपला. दुरुस्ती जिच्या रचनेतच धरलेली आहे अशी वस्तू, आणि दुरुस्ती जिला अशक्य करून ठेवली आहे अशी वस्तू, हा खरा भेद आहे. जुने-नवे हा नव्हे. आज कोणी अस्सल लाकडाचे, सांधा उकलता येईल असे नवे टेबल परवडण्याजोग्या किमतीत करून देत असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू. पण परवडत नाही, म्हणून जुन्याकडे जावे लागते. यात सौंदर्यशास्त्र नंतर येते.

आता मजुरीचा मुद्दा. काटकसरीचे सल्ले देणारे सांगतात की सुतार लावू नका, स्वतः करा, पैसे वाचतील. हौसेने रंधा धरणाऱ्याला आमची मनाई नाही. परंतु गावगाड्यातला सुतार शेतकऱ्याचे नांगर-कुळव करून सुगीला बलुते घेत असे. त्याचा मोबदला खळ्यावरच्या मापावर आणि देणाऱ्याच्या मर्जीवर ठरे. त्याचा नातू आज रोखीने दिवस मोजून मजुरी घेतो, आणि त्याला बहुतेक काम बोर्ड कापून चिकटवण्याचेच मिळते. मामांची पटाशी वर्षातून काही दिवसच निघते. स्वस्ताई हवी तर ती लाकडाच्या दीर्घायुष्यातून काढावी. मामांच्या नऊशे रुपयांतून ती काढणे म्हणजे पुन्हा बलुत्याकडे जाणे आहे. आमच्या हिशेबात निम्मी रक्कम मजुरीची आहे आणि ती तशीच असावी.

राहता राहिलो आपण, म्हणजे शिकवणारे. एका शिक्षणसंस्थेत (नाव नको, आमचे तेथे जाणे-येणे आहे) जडवस्तू संग्रह नोंदवहीतून सागवानी बाके कमी करण्यात आली. प्रशासनाच्या भाषेत याला निर्लेखन म्हणतात. शब्द फार सुंदर आहे, जणू काही कोणी लिहिलेलेच पुसून टाकले. बाके वजनावर गेली. त्यांच्या जागी लोखंडी सांगाड्यावर बोर्ड ठोकलेली डेस्के आली, ज्यांच्या कडा दुसऱ्या सत्रात सोलल्या. त्या समितीवर मराठीचेही एक प्राध्यापक होते. त्यांनी सही केली त्याच महिन्यात वस्तूंच्या स्मृतीवर त्यांचा एक लेख छापून आला होता. तो लेख चांगला होता, हेही सांगितले पाहिजे.

मराठवाड्यात गेल्या तीस वर्षांत लाकूड घराबाहेर पडत आले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगडमातीच्या घराची जी धास्ती बसली ती योग्यच होती; माणसे धाब्याच्या मातीखाली आणि दगडी भिंतींखाली गाडली गेली होती. खणाची घरे उतरली, तुळया, खांब, चौकटी विकायला निघाल्या. आजही एखादा वाडा उतरला की कोरीव दरवाजा शहरातल्या व्यापाऱ्याकडे जातो आणि उरलेले वखारीत. मधल्या माणसाला, म्हणजे ज्याला एक टेबल, दोन फळ्या आणि एक बाज हवी आहे त्याला, या व्यवहारात जागा कोठे आहे, हा प्रश्न आम्ही जीर्णानंदी मित्रांना विचारू इच्छितो. त्यांच्या लेखांनी दरवाज्याचा भाव वाढवला, एवढे निश्चित.

आमचा विद्यार्थी गेल्या महिन्यात पुन्हा आला. त्याला पुस्तकांसाठी मांडणी हवी होती आणि आमच्या टेबलाचे सांधे त्याने खाली वाकून बराच वेळ पाहिले. मग मामांचा पत्ता घेतला. त्याच विक्रेत्याकडून त्याने उतरलेल्या घराच्या दोन सागवानी फळ्या आठशे रुपयांना घेतल्या आणि पावती मागितली. विक्रेत्याने पावती कधी दिलीच नव्हती, त्यामुळे पावतीपुस्तक नव्हते. शेवटी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने फळ्यांची लांबी, रुंदी, रक्कम आणि तारीख लिहून सही केली. तो कागद विद्यार्थ्याने आधी घरी नेला. वडिलांनी तो वाचून दाखवायला सांगितला, दोनदा. फळ्या अजून मामांच्या अंगणात आहेत. घरात आणायच्या की नाही, यावर बोलणे चालू आहे.